मागच्या सीटवरचा आरसा

मी एक जुना गोल आरसा आहे. मित्रांनो, माझ्यावर एक गाडी जाळल्याचा ठपका आहे आणि तो खरा आहे. पण त्याआधी एकोणीस वर्षे मी काय सोसले, तेही कोणीतरी ऐकून घ्यावे.

मला दोन बाजू आहेत. एक सपाट आणि दुसरी किंचित खोलगट. खोलगट बाजूत चेहरा मोठा दिसतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर निळी मखमली पिशवी होती आणि तिच्यावर एक चिठ्ठी शिवलेली होती : 'उन्हात उघडा ठेवू नये.' ग्लेनिस ट्रेंबाथने मला विकत घेतले, चिठ्ठी टोचते म्हणून कापून टाकली आणि महिन्याभरात त्या पिशवीत केसांच्या पिना भरल्या. तेव्हापासून मी उघडाच.

ग्लेनिस मूंटा गावात राहते आणि आसपासच्या शेतांवर, घरोघरी जाऊन केस कापते. घराबाहेर पडू न शकणारी म्हातारी माणसे तिची वाट बघत असतात. हाताने ती फार गुणी आहे. केस कापून झाले की ती मला समोर धरते आणि सुरकुतलेले चेहरे हळूहळू फुलतात. ते क्षण माझे. त्यानंतर ती मला मागच्या सीटवर भिरकावते, ते तिचे.

त्या सीटवर काय नसायचे! टॉवेल, कंगवे, केसांवर मारायच्या फवाऱ्याचे डबे, नवऱ्याची सिगारेट सुटली तरी न सुटलेला लायटर. गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी पेटायची. एकदा माझ्यात पडलेले ऊन एका ठिपक्यात गोळा झाले आणि सीटच्या कापडाला भोक पडले. ग्लेनिसने नवऱ्याला धारेवर धरले.

"परत ओढायला लागलास ना?"

"सहा वर्षं झाली सोडून!" तो बिचारा शपथा घेत राहिला.

दुसऱ्यांदा कंगवा वितळला. तेव्हा म्हणाली, "हल्ली कंगवेही धड मिळत नाहीत." मी शेजारीच उताणा पडलो होतो. माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही.

मग फेब्रुवारीतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातला, तो दिवस आला. पारा त्रेचाळीसवर, उत्तरेचा तापलेला वारा सुटलेला आणि साऱ्या भागात आगबंदी जाहीर झालेली. आम्ही मर्व हॉकिंगच्या शेतावर गेलो. त्याच्या बायकोचे, थेल्माचे, कंबरेचे हाड मोडले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचे दफन होते आणि विस्कटलेल्या केसांनी तिथे जायचे नाही, असे थेल्माने ठरवले होते.

मर्व फाटकातच उभा होता. "गवतावर गाडी घालू नकोस पोरी, खडीवर लाव. गवत इंजिनानंही पेटतं. आज मी साधी चहाची चूलसुद्धा बाहेर पेटवू दिली नाही."

"मर्व, तुम्ही चिंताच फार करता," ग्लेनिस हसली.

तिने गाडी खडीवर लावली. काचा बंद केल्या. कात्र्या घेतल्या, सपाट आरसाही दुसराच घेतला आणि मला टॉवेलांच्या ढिगाला टेकवून गेली, खोलगट तोंड वर करून. दहा पावलांवर कापणी झालेल्या गव्हाचे वाळलेले धसकट होते, आणि त्यापलीकडे शेजाऱ्यांची घरे.

मित्रांनो, मला पाय असते तर मी स्वतः उठून पालथा झालो असतो.

चारच्या सुमाराला ऊन तिरपे झाले आणि पश्चिमेच्या काचेतून थेट माझ्यावर आले. टॉवेलवर एक ठिपका चमकू लागला. तो पिवळा झाला, तपकिरी झाला, मग धूर निघाला. मला तोंड मिटता येत नाही. पुढच्याच क्षणी टॉवेल पेटला.

आत थेल्माचे केस झाले होते आणि मर्व खुर्चीवर बसला होता. खिडकीतून त्याला धूर दिसला. अर्ध्याच डोक्याचे केस कापलेले, गळ्यात फडकणारे कापड, अशा अवस्थेत चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस धावत सुटला. आगबंदीच्या दिवशी त्याच्या ट्रकवर पाण्याची टाकी आणि पंप तयारच असे. एक डबा फुटला, काच उडाली, जळती चिंधी धसकटात पडली आणि भुरकन जाळ उठला. मर्वने गाडी सोडून आधी धसकट विझवले. तेवढ्यामुळे घरे वाचली. गाडी वाचली नाही.

नंतर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले वायर, कोणी म्हणाले बॅटरी. ग्लेनिस रडत म्हणत होती, "मी काहीच केलं नाही हो!" गावच्या अग्निशमन दलाची प्रमुख रेलीन आली. तिने राखेतून मला उचलले, सूर्याकडे धरले आणि ठिपका स्वतःच्या चामड्याच्या हातमोज्यावर पाडला. धूर निघाला.

"हे घ्या तुमचं बॅटरी-प्रकरण," ती म्हणाली.

ग्लेनिसने हातमोज्यावरचा डाग बोटाने चाचपला. मग म्हणाली, "आणि मी नवऱ्याला बोलले."

आता माझी कड काळी आहे आणि मधून तडा गेला आहे. रेलीन मला जत्रांमध्ये, सभांमध्ये नेते. लोक धूर बघून टाळ्या वाजवतात. मागच्या महिन्यात असेच भाषण झाले. रेलीनने लोकांना बजावले : आरसा, भिंग, पाण्याची बाटली, चष्मा, लायटर, फवारे, यांतले काहीसुद्धा गाडीत ठेवू नका. मग तिने मला आपल्या गाडीच्या पुढच्या सीटवर उताणा टाकला आणि केक खायला गेली.

मी हताश होऊन आभाळाकडे बघत राहिलो. काचेपाशी एक सावली आली. मर्व होता. दार उघडून त्याने डोक्यावरची टोपी काढली, माझ्या तोंडावर ठेवली आणि दार लावून उघडे डोके तापवत तिथेच उभा राहिला.

रेलीन हात पुसत परतली. "काय मर्व, कुणाची वाट बघताय?"

"तुझीच," तो म्हणाला. "भाषण छान झालं. फक्त तू ते ऐकायला हवं होतंस."

मित्रांनो, प्रत्येक गाडीपाशी मर्व उभा नसतो. उतरताना एकदा मागे वळून सीटकडे बघा. मी पडलो असेन तर मला नुसता पालथा करून जाऊ नका, तसाच उचला आणि घरात न्या.