चार नंबर टाकीची पाठराखीण

औषधाच्या कारखान्यात चार नंबरच्या टाकीतून त्या सकाळी औषधाऐवजी नवऱ्या बाहेर पडू लागल्या. शिफ्ट सांभाळणाऱ्या सुमित्रा रणपिसेनं पहिलीचा ओला पदर नीट केला आणि तिला पुढे धाडलं. टाकीत कोट्यवधी पेशी राबत होत्या. औषध घडवून बाहेर धाडणं हे त्यांचं काम. आज त्यांनी ते असं धाडलं, एवढंच. बोळापलीकडच्या दवाखान्यात एकेक खाट म्हणजे एकेकीचं सासर.

प्रत्येक नवरीसोबत पेशींनी पाठराखीण दिली होती. ती नवरीला सावरायची, मान कुठे वळवायची, खांदा कुठे मुडपायचा ते सांगायची, आणि वळण बसलं की टाकीत परतायची. पण मॅनेजर बोकीलसाहेबांनी पेशींचा खुराक दुप्पट केला. नवऱ्या भराभर येऊ लागल्या, पाठराखिणी पुरेनात. एकट्या पडलेल्या नवऱ्या बावरून एकमेकींच्या पदरात गुंतल्या आणि बोळातच बसल्या. बसल्या त्या दगडासारख्या घट्ट झाल्या. बोळ अरुंद होत चालला.

"साहेब, खुराक थांबवा."

"ऑर्डर मोठी आहे, बाई."

"म्हणून ही लगीनघाई? आपल्याकडे नवरी एकटी धाडत नाहीत."

टाकीनं आतून थाप मारली. साहेबांनी कानाडोळा केला. दुसऱ्या थापेला नवऱ्या यायच्या थांबल्या. तिसऱ्या थापेला टाकी आतल्या पेशींसकट स्वतःलाच संपवते, हे सुमित्राला पक्कं ठाऊक होतं. आणि पलीकडे दवाखान्यात तिची धाकटी बहीण मंदा अजून नवरीविना होती. मंदाच्या पोटातल्या, हेच औषध घडवणाऱ्या पेशी अशाच राबून राबून खाली बसल्या होत्या. साहेबांना न विचारता सुमित्रानं खुराकाचा नळ बंद केला आणि पेशींना उसंत मिळावी म्हणून टाकीभोवती गार पाणी सोडलं.

एकच नवरी अजून उभी होती.

"चल गं," सुमित्रानं तिचा हात धरला. "पाठराखीण मीच."

दोघी अंग तिरकं करून बोळातून सरकल्या. "मान अशी. आता खांदा." पावलागणिक नवरीला वळण बसत गेलं. दारात मंदानं खाटेवरून उठून तांदळाचं माप ठेवलं होतं.

"ताई, तू राहशील ना?"

"ही रुळेपर्यंत."

"आणि मग?"

मागे बोळ मिटत आला होता. नवरीनं माप ओलांडायला उजवा पाय उचलला. पलीकडे टाकीनं तिसऱ्या थापेसाठी हात उचलला.