सहीच्या आदल्या दिवशी

१९९३च्या चैत्रात माझा पुतण्या निमिष आमच्या घरी लपायला आला. लपायला हा शब्द त्याचाच. कलकत्त्यात त्या दिवसांत फुटबॉलपटूंचा क्लब बदलायचा हंगाम असायचा. आपला खेळाडू दुसऱ्यांनी पळवू नये म्हणून क्लबवाले त्याला कुठेतरी नेऊन ठेवत; कुणाला समुद्रकाठच्या हॉटेलात, कुणाला एखाद्या कार्यकर्त्याच्या गावी. निमिषला त्यांनी काशीला, पंचगंगा घाटावरच्या आमच्या दोन खोल्यांत ठेवलं. सोडायला नीताईदा स्वतः आले होते. क्लबमधलं जुनं माणूस. कलकत्त्यातली सगळी वर्षं निमिष त्यांच्याच घरी जेवला होता, लग्नही त्यांनीच पुढे होऊन लावलं. मी फोन करीन तेव्हाच निघ, तोवर कुणाला दिसू नकोस, असं बजावून ते परत गेले.

मला खेळातलं फार कळत नाही. माझी नोकरी संस्कृत पाठशाळेच्या ग्रंथालयात गेली, आणि तिथेही पुस्तक काढून दिल्यावर हेच हवं होतं ना, असं मी दोनदा विचारत असे. निमिष स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्या नाकाचं हाड मोडलेलं होतं, भुवईवर टाके होते, आणि उजवा गुडघा सकाळी सरळ व्हायला वेळ घेई. वर्तमानपत्रात त्याचं नाव बहुतेक वेळा गोल खाल्ल्यावर येई. गोल अडवला तर फोटो पुढे खेळणाऱ्यांचे. याचं त्याला वाईट वाटतं का, हे विचारायचं मी कितीदा तरी ठरवलं आणि राहून गेलं.

दिवस जात होते. गल्लीच्या तोंडाशी बाळूचा पीसीओ होता, निरोप तिथे यायचा होता, तो येत नव्हता.

लीला, माझी बायको, त्याला वाढताना म्हणायची, "अरे, नवरीसारखं कोंडून ठेवलंय तुला. वऱ्हाड कधी येणार म्हणे?"

तो हसायचा. पुढे हसेनासा झाला. सह्यांची मुदत संपत आली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कलकत्त्याच्या कचेरीत स्वतः जाऊन सही केली नाही, तर ते वर्ष कुठल्याच क्लबकडून खेळता येत नसे. निमिषला बत्तिसावं चालू होतं. वर्षभर घरी बसलेल्या स्टॉपरला त्या वयात पुन्हा कोण बोलावणार?

आदल्या दिवशी सकाळी सफारी घातलेला एक किडकिडीत माणूस दारात उभा राहिला. दुसऱ्या क्लबचा. निमिष इथेच आहे ना, असं त्याने हिंदीत विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने खिडकीकडे पाहिलं. तिथे निमिषचे खिळ्यांचे बूट उन्हात ठेवलेले होते.

"पंडितजी, ये जूते आपके हैं?"

मला दुसरं काही सुचेना. मी हो म्हटलं. आत लीला तोंडावर पदर धरून हसल्याचं मला कळलं.

तो माणूस मात्र हसला नाही. खाली बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. निमिषच्या जागी निमिषच्याच क्लबने पंजाबचा एक तरणा मुलगा आधीच घेतला होता. निमिष त्यांना नको होता; पण तो दुसऱ्यांकडे जाऊन आपल्याच विरुद्ध उभा राहायलाही नको होता. म्हणून ही लपवाछपवी. त्याच्याकडे संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं होती, मुगलसरायहून. दुपारपर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर थांबतो म्हणाला आणि गेला.

निमिष आतल्या खोलीत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"यांचा धंदाच आहे, फोडाफोडीचा," तो म्हणाला. पण चप्पल घालून निघाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी मागोमाग गेलो.

बाळूने कलकत्ता लावून दिलं. नीताईदांनीच फोन उचलला असावा, कारण निमिष एकदम ताठ उभा राहिला. त्याने फारसं काही विचारलं नाही. "हां दादा" असं दोन-तीनदा म्हणाला आणि फोन ठेवला.

"येतायत," तो मला म्हणाला. "रात्रीच्या गाडीत बसतायत, सकाळी इथे. तू जागचा हलू नकोस म्हणाले."

मला हायसं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. तो भिंतीला टेकून राहिला.

"काका, सही कलकत्त्यात करायची असते. उद्याच. मग ते इथे येऊन काय करणार?"

एक सायकल घंटी वाजवत आली, तिला वाट द्यायला आम्ही अंग चोरलं.

"मी त्यांच्या शब्दावर बसून राहिलो तर?" त्याने विचारलं. "त्यांचं खाल्लंय मी. सांगा ना, काय करू?"

मी आयुष्यात कुणाला ठाम सल्ला दिलेला नाही. देताना समोरच्याचं भलंही दिसतं आणि वाटोळंही, मग शब्द निघत नाही.

"अजून खेळता येईल तुला?" मी विचारलं.

"दोन वर्षं. गुडघ्याने साथ दिली तर तीन."

"मग जा."

म्हटलं आणि लगेच घाबरलो. थांब, नीट विचार करू, असं म्हणणार होतो. पण तो घराकडे वळला होता. पायऱ्यांवरच्या माणसाला निरोप द्यायला मीच उतरलो. निमिष निघताना पाया पडला. "नीताईदा आले तर..." एवढं बोलला आणि बॅग उचलली.

रात्री वाटेत कुठेतरी दोघांच्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. सकाळी नीताईदा आले. जिना चढून दमले होते. मी त्यांना बसवलं आणि अडखळत हिंदीत सांगितलं की तो काल संध्याकाळीच गेला. कुणाबरोबर, तेही सांगितलं. ते रागावले तर काय बोलायचं याची वाक्यं मी पहाटेपासून जुळवत होतो. त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"खाकर गया?"

दहीभात खाऊन गेला, लीलाने सांगितलं. तिने चहा आणून ठेवला.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "क्लब ने कहा था, शाम तक उसके पास बैठे रहना. मैं सारी रात ट्रेन में यही मनाता आया कि वो यहाँ न मिले."

हे मी त्याला कळवीन म्हटलं. त्यांनी मान हलवली. नको. "हमारे ख़िलाफ़ खेलना है उसको. ग़ुस्सा रहेगा तो ठीक खेलेगा."

ते उठून जातील असं मला वाटलं होतं. पण ते निमिषच्या खोलीत, त्याच्याच सतरंजीवर, नदीकडे तोंड करून बसून राहिले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. ऊन उतरल्यावर बाळूकडे फोन करायला गेले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर वाट बघत उभा होतो. परत आले ते खालीच थांबले.

"हो गया," म्हणाले. "दस्तख़त हो गया."

आणि वर न येता तिथूनच स्टेशनची वाट धरली.