चौथ्या भोकाचा सूर

पाच महिन्यांत तिसऱ्यांदा माउथऑर्गन मोडून प्लंबर दुकानात आला, तेव्हा दुकानातल्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"पुन्हा चौथं भोक?"

"हो ना, ताई. या वेळी जरा दणकट द्या."

बाईंनी झाकण उघडलं. आतली सूर देणारी इवलीशी पितळी पट्टी मुळाशी चिरली होती. "हा काय कमी दणकट आहे? स्क्रूचं झाकण, प्लॅस्टिकचं अंग. लाकडासारखं फुगत नाही. वाजवण्याआधी चूळ भरा, हातात धरून कोमट करा, नंतर थुंकी झटका. पण तुम्ही असा जीव खाऊन फुंकणार असाल, तर लोखंडाची पट्टीसुद्धा हात टेकेल!"

प्लंबर ओशाळला. हळू वाजवून कसं भागणार? बाबांना हल्ली जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. नळाचं काम त्यांनीच शिकवलं, माउथऑर्गनही त्यांनीच. एक सूर इकडचा तिकडे झाला की खेकसायचे. आता मात्र काहीही वाजवलं तरी मान डोलवून म्हणायचे, "छान, छान."

बाईंनी जुन्यातच दुसरी पट्टी बसवली. "सूर नीट लावायला शनिवारी आणा. तोवर हळू."

दुसऱ्या दिवशी तो एका भिंतीतली गळती शोधत होता. सळईचं एक टोक पाइपला, दुसरं कानामागच्या हाडाला, बाबांचीच युक्ती. कानाला न कळणाऱ्या बारीक धारेची थरथर हाडाला बरोबर कळते. गळती सापडली, आणि हा सळई धरून तसाच बसला. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही!

संध्याकाळी बाबा पलंगाच्या लाकडी पाठीला डोकं टेकून बसले होते. त्याने माउथऑर्गनची कड त्याच लाकडाला घट्ट लावली आणि तान्हं बाळ झोपवावं इतकं हळू वाजवायला लागला.

बाबांनी डोळे मिटले. नेहमीचं "छान"सुद्धा म्हणाले नाहीत. प्लंबरचा धीर सुटत चालला.

मग बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"गाढवा, चौथं भोक उतरलंय! कान फुटले का तुझे?"

प्लंबरला पुढे फुंकताच येईना.