आत्याने दाखवलेला पक्षी

आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिच्या पार्लरच्या खुर्चीत एकदा बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. केस कापायला आलेली बाई परत जाताना अर्ध्या गल्लीची खबर घेऊन जायची आणि स्वतःची तिथेच ठेवून जायची. त्यात आत्याचा आवाज असा, की केस वाळवायची सगळी यंत्रं एकदम घरघरत असली तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत खणखणीत पोचावा.

म्हणून तर रविवारी सकाळी फेरीबोटीच्या धक्क्यावर भाचीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आत्या, बेटावर एक शब्द बोलायचा नाही. एक म्हणजे एक."

"अगं, नमस्कार तरी—"

"नमस्कार हातांनी करतात."

भाचीचंही चुकत नव्हतं. मागचं स्थळ आत्यामुळेच फिसकटलं होतं. मुलाच्या वडिलांना तिने भर बैठकीत, अगदी मायेने सांगितलं होतं, "दादा, तुमचा टोप डावीकडे सरकलाय हं." हा मुलगा भाचीने स्वतःच शोधला होता, दोघं एकाच चष्म्याच्या दुकानात कामाला. मुलगा गोड, त्याचे वडील गरीब स्वभावाचे. घोडं अडलं होतं ते आईपाशी. मुलाच्या आईला पक्षी बघायचा नाद आणि बडबडीचा तिटकारा. "मला चहापोह्यांची बैठक नको," असं त्यांनी मुलाला बजावलं होतं. "वसंतात त्या बेटांवर लांबलांबचे पक्षी उतरतात. मुलीकडच्यांना तिकडेच आण. पक्ष्यांपुढे माणूस कसा वागतो, त्यावरून मला कळतं काय ते."

मुलीकडचे म्हणजे एकटी आत्या. भाऊ जहाजावर नोकरीला, वहिनी कधीच गेलेली, पोर आत्यानेच वाढवलेली. आपल्या जिभेपायी तिचं दुसऱ्यांदा मोडलं तर तोंड कुठे दाखवायचं? आत्याने ओठ मिटले ते टाके घातल्यासारखे.

मुलाच्या आई बोटीवर आल्या त्या गळ्यात भलीमोठी दुर्बीण आणि अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून. आत्याने मनातल्या मनात त्यांचं 'दुर्बीणबाई' असं बारसं करून टाकलं. एरवी असं नाव सुचलं की ते संध्याकाळपर्यंत पाच जणींना सांगून व्हायचं. आज सांगायला कुणीच नाही. ते नाव पोटात नुसतं गुडगुडत राहिलं.

बेटावर तर तिचे फारच हाल झाले. दुर्बीणबाईंची कपाळावरची झुलपं कुणीतरी धडधडीत वाकडी कापली होती. आत्याचे हात शिवशिवले, जीभ टाळ्याला चिकटली, पण ती हूं की चूं बोलली नाही. खंड्या दाखवला, तिने मान डोलावली. तुतवार दाखवला, तिने हात जोडले. मुलाच्या वडिलांनी सँडविच पुढे केलं, तेव्हाही हातच जोडले.

"तुझ्या आत्या किती शांत आहेत गं!" दुर्बीणबाई भाचीच्या कानात म्हणाल्या. भाचीचा चेहरा असा उजळला, की आत्याला आणखी चार तास गप्प बसायचं बळ आलं.

दुपार कलली. चौघं झुडपांकडे तोंड करून, दुर्बिणी रोखून उकिडवे बसले होते. आत्या मागे एका दगडावर, धक्क्याकडे तोंड करून. आणि तिच्या डोळ्यांदेखत बोटवाल्याने खुंटावरचा दोर सोडला.

ही दिवसातली शेवटची बोट होती. बेटावर ना छप्पर, ना चहाची टपरी. होती ती फक्त पक्ष्यांची शीट. आत्याने भाचीला ढोसलं. भाचीने डोळे वटारले. मग आत्या दगडावर उभी राहिली आणि हातवारे करू लागली. पाण्याकडे बोट दाखवलं. इंजिनासाठी गाल फुगवले. बोटीसारखी डावीउजवीकडे डुलली. 'चालली, चालली' म्हणून दोन्ही हात जोरजोरात फडफडवले.

"श्श! त्यांना काहीतरी दिसलंय!" दुर्बीणबाई म्हणाल्या. चारही दुर्बिणी गर्रकन फिरल्या.

"कुठे?"

आत्याने कळवळून पुन्हा पाण्याकडे बोट दाखवलं.

"पाण्यालगत आहे! आणि गळा फुगवतोय बघा. म्हणजे नर!"

आत्या अजून जोरात डुलली.

"डुलत डुलत उडतोय!"

"आई, मला काहीच दिसत नाहीये," मुलगा म्हणाला.

"मला दिसला!" दुर्बीणबाई थरथरत म्हणाल्या. "अरे, चांगला स्पष्ट दिसला! कधीपासून वाट बघत होते मी याची!"

"मलाही दिसला असं वाटतंय," वडील म्हणाले. लग्न झाल्यापासून बायकोला दिसलेलं सगळं त्यांनाही दिसायचं.

आत्याने वळून बघितलं. पाणी होतं आणि बोट होती. तिसरं काही म्हणाल तर कावळासुद्धा नव्हता. आणि बोट धक्क्यापासून सुटून चक्क निघाली होती.

टाके उसवले.

"ओ बोटवालेऽऽऽ! थांबा होऽऽ! पाच माणसं राहिलीत इकडे!"

बेटावरचे झाडून सगळे पक्षी आकाशात उडाले. दुर्बीणबाईंच्या हातून थर्मास पडला. बोटवाल्याने दचकून इंजिन बंद केलं, आणि हळूहळू बोट मागे वळली.

परतीच्या वाटेवर दुर्बीणबाई दगडी चेहऱ्याने बसलेल्या. भाची कुजबुजली, "संपलं, आत्या. सगळं संपलं." आत्याला वाटलं, या पाण्यातच उडी मारावी.

तेवढ्यात वडिलांनी पिशवीतून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. "अगं, मघाचा तो कुठला होता? खूण करून ठेवू या."

दुर्बीणबाईंनी घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि हातभरावर उभ्या बोटवाल्याची पाठ न्याहाळायला सुरुवात केली.

"बरं, ज्यांनी दाखवला त्यांनाच विचारतो," वडील आत्याकडे वळले. "कुठला पक्षी होता हो?"

दुर्बीण खाली आली. दुर्बीणबाईंनी आत्याकडे बघितलं. ती नजर आत्याच्या ओळखीची होती. घरच्या घरी केस रंगवून भलतंच काही झालं, की बायका डोक्याला फडकं गुंडाळून पार्लरच्या मागच्या दाराने येतात आणि अशाच बघतात.

'कसला पक्षी? मी बोट दाखवत होते!' हे वाक्य आत्याच्या दातांपर्यंत आलं. भाचीने डोळे मिटून घेतले. आत्याने ते तसंच गिळलं.

"पिवळा होता," ती म्हणाली.

"पिवळाच!" दुर्बीणबाई ताडकन म्हणाल्या.

"चोच लांब."

"आणि टोकाला जराशी वाकडी."

"डोक्यावर तुरा."

"तुरा?" दुर्बीणबाई क्षणभर अडखळल्या. "हो, होता ना! भिजून बसला होता, म्हणून पटकन कळत नव्हता."

वडील पानं उलटत होते. "असा यात कुठेच नाही."

"नसणारच!" दोघी एकदम म्हणाल्या.

"आणि शेपटी?"

"शेपटी विहीणबाईंना जास्त नीट दिसली," आत्या म्हणाली.

'विहीणबाई' ऐकून भाचीने एक डोळा उघडला. दुर्बीणबाईंनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली. "इकडे सरका हो तुम्ही. तिकडे वारं लागतंय." आत्या बसली तशा त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा आवाज ऐकलात का?"

"ऐकला तर!" म्हणून आत्याने पोटात हवा भरली आणि तो आवाज काढला. बोटवाल्याच्या हातून सुकाणू सुटलं, बोट अर्धी गिरकी घेऊन गेली.

"छे, एवढा जाड नव्हता," दुर्बीणबाई म्हणाल्या, आणि घसा खाकरून त्यांनी स्वतःच काढून दाखवला.