वांग्याच्या बुडाचा पाला

आईचं वांगं आता फक्त माझ्याकडे होतं, आणि तेही तीन झाडांवर. हिरवं, काटेरी, विस्तवात भाजलं की घरभर वास सुटणारं. आई दिवाळीत गेली. तिच्या लुगड्याच्या गाठीत सापडलेलं चिमूटभर बी मी माहेराहून, टोकावड्याहून आणून पेरलं, तर उगवली तीनच. आता एखादं वांगं झाडावरच पिवळं पडून पिकलं, तरच पुढचं बी मिळणार होतं. नाहीतर आईचं तेवढंही संपलं.

चैत्रात विहिरीचा तळ दिसायला लागला. बचत गटाच्या बैठकीला आलेल्या मॅडमनी सांगितलं होतं, मातीवर पाला-पेंढा पसरा, ओल टिकते. आमच्याकडे पाला जातो राबाला, भाताची रोपं करायच्या आधी जमीन भाजायला. तो टोपल्याच्या टोपल्या मी वांग्याला घालते म्हटल्यावर आळीतल्या बाया हसल्या. हसू देत. मी हात राखून काही करत नाही. लेकराला गोधडीत गुंडाळावं तसा पाला खोडाला घट्ट लपेटला आणि भांडी धुतलेलं पाणी रोज वरून ओतलं.

तिसऱ्या दिवशी बघते तर तिन्ही झाडांच्या बुडाशी पाला बाजूला. वीतभर गोल उघडं. कोंबडी काही असं मोजून उकरत नाही. मी पुन्हा लपेटलं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

संशय सरळ रंगूबायवर गेला. ती माझी थोरली जाऊ. वाटण्या झाल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून मधे काट्यांचं कुंपण आणि बोलणं बंद. माझ्याकडे काही चांगलं उगवलं की तिच्या पोटात दुखतं, हे मला पक्कं ठाऊक. ओल उडावी, झाडं वाळावीत, आणखी काय हवं तिला! उजाडायच्या सुमाराला मी पडवीत दबा धरून बसले. आलीच. कुंपणाच्या फटीतून आत शिरली, उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी पाला ओढायला लागली.

मी अख्खी आळी गोळा केली.

"चोट्टी! माझ्या अंगणात परत पाय ठेवलास तर याद राख!"

"देवकी, ऐक तरी गो, बुडाला..."

मी ऐकते कशाला! फट काट्यांनी बुजवली आणि पाला आणखी दाबून बसवला.

मग ती नुसती कुंपणापलीकडे उभी दिसायची. हातात काठी, डोळे माझ्या वांग्यांवर. नजर लावते, असं मी नवऱ्याला सांगितलं.

"तुला जो तो चोरच दिसतो," नामा म्हणाला. मला त्याचाही राग आला.

आठवड्याभरात पहिल्या झाडानं मान टाकली. मग दुसऱ्यानं. माती ओली, पानांवर कीड नाही. लागली ना नजर! रागारागानं दुसरं उपटायला गेले, तर वरचं तेवढं हातात आलं. बूड काळं, मऊ, कुजलेलं. ओला पाला सालीला चिकटला होता. मी तिथंच बसले. ती ओल मीच खोडाला बांधून ठेवली होती. रंगूबाय तेच सांगत होती आणि मी तिला चोर म्हटलं.

तिसरं झाड कुंपणाला लागून. काट्यांमुळे मी तिकडे वाकत नव्हते, पाणी लांबूनच ओतायची. आता धावत गेले. झाड हिरवंगार, आणि एक वांगं पिवळं पडायला लागलेलं. बुडाशी वीतभर गोल उघडं होतं. तिथून कुंपणापर्यंत मातीत काठीचे ओरखडे होते.

मला रडू फुटलं.

"रंगूबाय," मी हाक मारली. चार वर्षांनी नावानं. "ये ना आत."

ती कुंपणाजवळ आली. काठी हातातच होती.

"नको," ती म्हणाली. "पाय ठेवू नको बोललीस ना? मी नाय ठेवला."