सयाजींच्या जीपमधला मोठा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, मोटारीच्या इंजिनातला. तळाचे तेल वर ढकलायचे, एवढेच माझे काम. तेल पोचले नाही, तर लोखंडावर लोखंड घासते आणि इंजिन जागीच अडकते.

माझा जन्म एका ट्रकसाठी झाला. तो ट्रक मोडीत निघाला आणि मी सांगलीला कुतुबुद्दीन मिस्त्रींच्या गॅरेजात आलो. तिथे वडूजचे सयाजी त्यांची जीप घेऊन आले. मिल्ट्रीत ड्रायव्हर होते. आता वडूजहून लोणंदला माणसे नेत. चढावर जीप दमते, म्हणून त्यांनी इंजिन बोअर करून, म्हणजे त्याचे सिलिंडर रुंद करून, ताकद वाढवली होती. ताकद वाढली, पण तेलाचा दाब घसरला. मिस्त्रींनी जुना लहान पंप काढून मला बसवले.

"बेअरिंगं झिजल्यात, सयाजीराव. नवी आली की निरोप धाडतो. तवर ह्यो पंप सांभाळून घेईल."

गाडी सुरू होताच दाबाचा काटा वर चढला. "आयला, ह्यो तर सुभेदार निघाला!" सयाजी म्हणाले. मला फार अभिमान वाटला.

पुढे बेअरिंगे आल्याचा निरोप आला. सयाजी गेले नाहीत. "काटा कसा ताठ हाय! पुन्यांदा इंजिन कशाला फाडायचं?" काटा माझ्यामुळे ताठ होता. झीज तशीच होती आणि मी ती झाकत होतो. पण हे सांगणार कसे?

दसऱ्याला जीपची पूजा झाली. सयाजींनी जोतिबाचे चित्र नेमके त्या काट्याच्या काचेवर चिकटवले.

"आवं, काटा दिसंना की," त्यांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या.

"देव बसलाय तिथं. काट्याचं काय काम?"

त्याच वर्षी, एकाहत्तरच्या डिसेंबरात, युद्ध सुरू झाले. त्यांचा मुलगा कृष्णात फौजेत होता, रजेवर आला होता. त्याला तार आली. लोणंदला रेल्वे गाठायची होती. निरोपाला निम्मी भावकी जीपमध्ये चढली. बनुबाई दह्याची वाटी घेऊन मागे बसल्या. घरी घाईत राहिले, आता फलाटावर पोराच्या हातावर दही घालीन म्हणाल्या.

चढावर तेल तापून पाण्यासारखे पातळ झाले. झिजलेल्या बेअरिंगांतून ते वाहून जाऊ लागले. मी जिवाच्या आकांताने फिरलो. काटा खाली पडला, पण चित्राआड तो कोणाला दिसणार? इंजिनात ठोके वाजू लागले.

"आबा, आवाज येतोय," कृष्णात म्हणाला.

"मोठा पंप हाय रं आत. नगं काळजी करू."

आणि इंजिन अडकले.

मागून लोणंदच्या बाजाराचा कांद्याचा ट्रक आला. तो चढावर पुरता थांबेना. "आये, जातो गं!" म्हणत कृष्णात धावत ट्रकच्या मागच्या फळीला लोंबकळला. गर्दीतून वाट काढून बनुबाई खाली उतरेपर्यंत ट्रक वळणाआड गेला होता.

"पोराच्या हातावर दहीबी घालू दिलं न्हाई तुमच्या सुभेदारानं," त्या म्हणाल्या. सयाजींनी बॉनेट उघडले.

कृष्णातला रेल्वे मिळाली, असे नंतर कळले. मी आता मिस्त्रींच्या फळीवर पडून आहे. ताकद वाढवलेल्या इंजिनाला मोठा पंप घालावा का, असे गिऱ्हाईक विचारते. घालावा, मित्रांनो, पण बेअरिंगे नीट करून मगच. झिजलेल्या इंजिनात माझ्या भरवशावर आपली माणसे बसवू नका. मला तेल ढकलता येते. गाडी थांबवा, असे ओरडता येत नाही.