फोर्डवाल्यांच्या पोरीची बत्ती

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचं बर्फ ओढताना अर्वो घसरला आणि मनगट मोडून बसला, तेव्हा त्याच्या बायकोला, हेल्वीला, आधी फार वाईट वाटलं. आणि मग, पट्टी बांधून होते न होते तोच, पोटात गुदगुल्या झाल्या. रविवारी गोठलेल्या खाडीवर गाड्यांची शर्यत होती. वर्षातली शेवटची, कारण पुढं बर्फाचा भरवसा नसतो. आणि घरच्या शेवरलेच्या स्टिअरिंगमागची जागा आता रिकामी होती.

"मी चालवते," ती जेवताना म्हणाली.

सासरे ओन्नी पास्टीचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचा, घास तोंडाशी धरून थांबले. "तू? अगं, तुझं माहेर सगळं फोर्डवाल्यांचं. समोर तुझाच भाऊ असणार. शेवटच्या वळणावर माया आली तर?"

"तौनोदादाची माया? मामंजी, त्यानं माझ्या बाहुलीचे डोळे काढून त्यांच्या गोट्या केल्या होत्या. माया कसली येतेय!"

सासूबाईंना ठसका लागला. अर्वो डाव्या हातानं चमचा वाजवून "चालवू दे, चालवू दे" करू लागला. मग ओन्नींनी तोडगा काढला. गाडी आठवडाभर मिसिंग मारत होती. चालता चालता मध्येच उचकी लागल्यासारखी थांबायची, की पुन्हा सुरू. कार्ब्युरेटर उघडून झाला होता, प्लग बदलून झाले होते.

"जो मिसिंग काढेल, तो चालवेल. झालं?" ओन्नी म्हणाले. आपणच ती काढणार याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी आणखी एक पास्टी वाढून घेतली.

पण हेल्वीकडे बत्ती होती.

ती तिनं या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली होती. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधली काचेची नळी, मोडक्या रेडिओतले कपॅसिटर आणि बाकी सगळं कॉफीच्या डब्यात कोंबलेलं. तान्ही लेक लेम्पी झोपली की सोल्डरिंग, लेम्पी उठली की लेम्पी. कित्येक डाग तिनं एका हातानं दिले होते, दुसरा हात पाळण्यावर ठेवून. आणि गंमत म्हणजे तेच डाग सगळ्यांत गुळगुळीत बसले होते. डब्यातून निघालेल्या वायरला एक चिमटा होता. इंजिनाच्या पहिल्या सिलिंडरच्या वायरला तो लावायचा. त्या वायरीतून ठिणगी गेली की बत्ती लखकन उजळायची. ठिणगी आणि उजेड असे जोडीनं चालले की इंजिनाच्या तोंडाशी गरगर फिरणारी पुली जागच्या जागी उभी दिसते, आणि तिच्यावरची खडूची खूण जिथं दिसेल त्यावरून ठिणगी वेळेवर पडतेय की नाही ते कळतं.

शनिवारी दुपारी अख्खं घर गॅरेजात जमलं. लेम्पी आजीच्या कडेवर, लोकरीच्या टोपीतून नुसते गाल बाहेर. एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात निळा. लाल जोडीतला दुसरा नाताळापासून हरवला होता. ओन्नींनी इंजिन चालू केलं. धडधड, धडधड, फुस्स, धडधड. हेल्वीनं चिमटा लावला, बत्ती पुलीवर धरली.

लख, लख, लख. पुली अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. पण खूण कुठंच दिसेना.

"पुसली असेल," सासूबाई म्हणाल्या.

हेल्वीनं इंजिन बंद करायला लावून खूण पुन्हा ठळक केली. पुन्हा चालू. खूण नाहीच.

"बत्तीनं डब्यातली उरलेली कॉफी प्यायली," अर्वो म्हणाला. "डोकं फिरलंय तिचं."

"सूनबाई, तुझ्या बत्तीप्रमाणं ही गाडी चालूच व्हायला नको," ओन्नी म्हणाले. "आणि ती तर चालू आहे. मग खोटं कोण बोलतंय?"

हेल्वीचे कान लाल झाले. हिवाळाभर लेकीच्या झोपा चोरून केलेली बत्ती, आणि हे तिला खोटारडी म्हणतात! "माझी बत्ती खोटं बोलत नाही. थांबा, एकेका वायरला लावून दाखवते."

ती हट्टाला पेटली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना वायरी होत्या; या बाजूच्या झाल्या. प्रत्येक वायरीवर बत्ती कशी तालात उजळत होती, आणि भिंतीवरचा तो उजेड बघून लेम्पी प्रत्येक लखलखीला खिदळत होती. लख, खि! लख, खि! सासूबाईंनाही हसू लागलं, मग अर्वोला. हेल्वी गाडीला वळसा घालून पलीकडं गेली आणि तिनं मागच्या टोकाच्या वायरीला चिमटा लावला.

लख, खि! लख, खि! आणि मग अंधार.

लेम्पीचं हसू अर्ध्यात लटकलं. तिनं भिंतीकडं असं पाहिलं, जणू भिंतीनं तिला फसवलं होतं. लख, खि! पुन्हा अंधार. नेमकी गाडीला उचकी लागत होती तेव्हाच.

"बंद करा!" हेल्वी किंचाळली. "मामंजी, बंद करा, सापडली!"

तिनं बोट वायरीवरून मागं मागं सरकवत नेलं, तर आतल्या कोनाड्यात रबर कुरतडलेलं. ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच तिथून लोखंडात पळत होती. आणि खाली उंदराचं घरटं. हेल्वीनं दोन बोटांनी ते उपसलं, तर गवत, कागद, आणि मधोमध लेम्पीचा लाल मोजा.

"अगं बाई! चोर सापडला!" सासूबाई म्हणाल्या.

ओन्नी मात्र मोज्याकडं बघत नव्हते. "पण खूण का नाही दिसली?" त्यांनी डोकं खाजवलं. "तू चिमटा आधी कुठं लावला होतास?"

"एक नंबरला. हा काय, इकडं पुढं."

ओन्नींनी तिच्या बोटाकडं पाहिलं. मग तिच्याकडं. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि शेवटी त्यांना मडगार्डचा आधार घ्यावा लागला. "अर्वो! अरे, हिनं फोर्डसारखं मोजलं! फोर्डचा एक नंबरचा सिलिंडर चालवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला. आपला चालवणाऱ्याच्या बाजूला! भलत्याच सिलिंडरची ठिणगी भलत्याच वेळी पडणार, मग खूण दिसेल कशी! तीन वर्षं आमच्या घरचं मीठ खातेय, आणि मोजते अजून माहेरचं!"

हेल्वीनं तोंड दोन्ही हातांत लपवलं, आणि हातांच्या आत तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी. अर्वो म्हणाला, "बरोबर मोजलं असतंस ना, तर खूण दिसली असती, टायमिंग ठीक म्हणून आपण सगळे कॉफी प्यायला गेलो असतो. आणि उंदीर तिथंच."

नवी वायर बसली. चिमटा योग्य जागी लागला आणि खूण हाक मारल्यासारखी समोर येऊन उभी राहिली. ओन्नींनी किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली.

रविवारी खाडीवर ऊन असं पडलं होतं की डोळे मिटावेत. तौनोनं फोर्डच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "काय गं, शेवरलेत? बाबांनी पाहिलं तर आज जेवायचे नाहीत!"

"तूच नको जेवू. बाहुलीच्या डोळ्यांचा हिशेब आज होणार आहे!"

झेंडा पडला. त्यानंतरचं हेल्वीला नीट आठवत नाही; फक्त इंजिन आठवतं, एकही उचकी न घेणारं. शेवटच्या वळणावर तौनो बाहेरच्या बाजूला घसरला. ती आतून घुसली, मागची चाकं सुटली, आणि गाडीनं भिंगरीसारखी गिरकी घेतली. पाहते तर काय, ती पाठमोरी सुसाट चाललीय आणि समोर, अगदी काचेसमोर काच, तौनोचं वासलेलं तोंड. हेल्वीनं त्याला जीभ दाखवली. तेवढ्यात तिच्या मागच्या दिव्यांनी रेषा ओलांडली.

"उलटी आली ती! उलटी!" तौनो उतरून ओरडत होता.

"आली ना?" झेंडेवाला म्हणाला. "तोंड कुठं ठेवायचं ते ज्याचं त्यानं बघावं."

तिकडं हेल्वीचे बाबा टोपी उडवून "आमची पोर! आमची पोर!" करत नाचले, आणि कुठली गाडी जिंकली ते आठवल्यावर गप्पकन टोपी घालून बसले. ओन्नींनी लांबूनच त्यांना हात केला, "मोजते मात्र तुमचंच हो!"

हेल्वी गाडीतून उतरली. आजीच्या कडेवरून लेम्पी झेपावली, दोन्ही पायांत लाल मोजे, एकाला उंदरानं पाडलेलं भोक. तिनं गाडीच्या दिव्यांकडं मुठी उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. हेल्वीला कळलं. तिनं खिडकीतून हात घालून दिव्यांचं बटण ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं.

लख, खि! लख, खि! लख, खि!